तंत्रज्ञानाच्या बातम्या आणि आपली मतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तंत्रज्ञानाच्या बातम्यांवर मी सहज म्हणून काही बोललो की त्यावर प्रश्न येतात, आणि बहुतेक वेळा तेच ते येतात. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखाद्या मुद्द्याचा तपशील दुसरीकडे असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी इंजिनिअर नाही, कोडिंग येत नाही. मग या बातम्यांवर मत मांडायचा मला काय अधिकार?

पूर्ण अधिकार आहे. वस्तू रोज हाताळणाऱ्याला जे जाणवतं ते बनवणाऱ्याला प्रयोगशाळेत दिसेलच असं नाही. जुने आयफोन हळू चालतात अशी तक्रार लोक कित्येक वर्षं करत होते आणि तो त्यांचा भास समजला जायचा. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या काही मॉडेलांचा वेग सॉफ्टवेअरमधूनच कमी केला जातो, कारण तसं केलं नाही तर फोन अचानक बंद पडतो. मग कंपनीने माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला.

लोकांचा अनुभव खरा निघाला. नवा फोन खपवण्यासाठी जुना मुद्दाम रखडवतात, हे त्यांनी लावलेलं कारण मात्र अ‍ॅपलने शेवटपर्यंत नाकारलं, आणि थकलेल्या बॅटरीची अडचणही खरीच होती. म्हणून माझा सल्ला असा: काय होतंय ते ठामपणे सांगा, का होतंय ते सांगताना जरा जपून. उलट बाजूने, तज्ज्ञाचं भाकीत म्हणून मान तुकवायचीही गरज नाही. त्याचं मोठं उदाहरण प्रश्न १० मध्ये आहे.

२. बातमी वाचताना आधी काय बघायचं?

मी तीन गोष्टी बघतो. जे सांगितलंय ते झालंय की होणार आहे? आकडा कुणी मोजला? आणि बाहेरच्या कुणाला ते तपासून बघता येईल का?

पहिल्या प्रश्नातच निम्म्या बातम्या बाजूला पडतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये इलॉन मस्क यांनी सांगितलं होतं की २०१७ संपायच्या आत टेस्लाची गाडी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कपर्यंत स्वतःची स्वतः जाऊन दाखवेल. ते वर्ष उलटलं आणि तो प्रवास काही झाला नाही. मथळे मात्र तेव्हा असे होते की गाडी जवळजवळ निघालीच आहे असं वाटावं. ‘आणणार’, ‘करू शकेल’, ‘लवकरच’ असं काही दिसलं की मी ती बातमी लक्षात ठेवतो, पण त्यावर मत बनवत नाही.

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पुढच्या बऱ्याच उत्तरांत तो पुन्हा येईल.

३. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ आलेल्या बातम्या आणि लीक यांवर विश्वास ठेवावा का?

कुठल्या प्रकारचं लीक आहे त्यावर ठरवा. फोनचा आकार, कॅमेऱ्यांची जागा, रंग हे बऱ्याचदा बरोबर निघतं, कारण कारखाने आणि कव्हर बनवणाऱ्यांपर्यंत ती मापं आधीच पोचलेली असतात. किंमत अगदी उशिरा ठरू शकते, त्यामुळे ती चुकते. ‘अमुक कंपनी तमुक कंपनी विकत घेण्याच्या विचारात’ या बातमीत मात्र कुणाचा तरी फायदा दडलेला असू शकतो: विकणाऱ्याला भाव वाढवून हवा असतो, किंवा विरोध किती होतो ते आजमावायचं असतं. अशा वेळी ही बातमी आत्ताच बाहेर का आली, हे स्वतःला विचारा.

४. फोन जाहीर होतो आणि ठरलेल्या मिनिटाला पन्नास रिव्ह्यू एकदम येतात. हे विकाऊ असतात का?

एकाच मिनिटाला येण्याचं कारण साधं आहे. कंपनी वस्तू आधी देते आणि अमुक वेळेपर्यंत काही छापू नका अशी अट घालते. पत्रकारितेत ही पद्धत जुनी आहे आणि त्यात पैसे दिलेच असतील असं नाही. खरा दबाव वेगळा असतो: फार टीका केली तर पुढच्या वेळी वस्तू आधी मिळणार नाही आणि रिव्ह्यू आठवडाभर उशिरा येईल. काही जण तरीही कडक लिहितात. ते कोण हे एकाच लेखकाचे दोन-चार जुने रिव्ह्यू वाचून कळतं.

पण प्रामाणिक रिव्ह्यूलाही एक मर्यादा असते, ती म्हणजे वेळ. सॅमसंग गॅलेक्सी नोट ७ ऑगस्ट २०१६ मध्ये आला तेव्हा त्याचं भरभरून कौतुक झालं. २ सप्टेंबरला फोन परत बोलावण्याची घोषणा झाली, कारण बॅटऱ्या पेट घेत होत्या. बदलून दिलेले फोनही पेटले आणि ऑक्टोबरमध्ये ते मॉडेलच बंद करावं लागलं. कौतुक करणारे खोटं बोलत नव्हते. त्यांच्या हातात एकेक फोन होता आणि मोजके दिवस. लाखो फोनांमधल्या थोड्यांत असलेला दोष त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. घाई नसेल तर तीन-चार महिने थांबून, वापरणाऱ्यांच्या तक्रारी वाचून घ्या.

५. स्टेजवर दाखवतात तो डेमो खरा असतो का?

बहुतेक डेमो आखलेले असतात, आणि तेवढ्यावरून मी कुणाला खोटं ठरवणार नाही. २००७ मध्ये पहिल्या आयफोनचं सादरीकरण झालं तेव्हा फोन अर्धवट होता. ठरावीक क्रमाने गोष्टी केल्या तरच तो अडकत नसे, हे त्यावर काम केलेल्या इंजिनिअरांनीच पुढे सांगितलं. तरी त्याच वर्षी जूनच्या अखेरीस फोन दुकानात आला आणि लोकांनी तो स्वतः वापरून पाहिला.

मी आखलेला डेमो आणि दिशाभूल यांत फरक करतो. डिसेंबर २०२३ मध्ये गूगलने आपल्या जेमिनाय या एआयचा एक व्हिडिओ प्रसिद्ध केला. त्यात माणूस समोर काहीतरी करतोय आणि यंत्र बघून, ऐकून लगेच बोलतंय असं दिसत होतं. प्रत्यक्षात स्थिर चित्रं आणि लिहिलेल्या सूचना देऊन ती उत्तरं मिळवली होती आणि वाट पाहण्याचा वेळ कापला होता. वेळ कापल्याची एक ओळ व्हिडिओच्या वर्णनात होती, पण बघणाऱ्याच्या मनावर ठसा उमटला तो वेगळाच. हे मला चुकीचं वाटतं, आणि जेमिनाय पुढे कितीही चांगलं झालं तरी त्या व्हिडिओबद्दलचं माझं मत बदलणार नाही.

याच्या आधी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, गूगलच्याच बार्ड या चॅटबॉटच्या जाहिरातीत जेम्स वेब दुर्बिणीबद्दल चुकीचं उत्तर छापून आलं होतं. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचं पहिलं छायाचित्र वेबने घेतलं असं त्यात म्हटलं होतं. ते २००४ मध्येच दुसऱ्या दुर्बिणीने घेतलेलं होतं. खगोलशास्त्रज्ञांनी ती चूक पकडली, आणि ती पकडता आली याचं कारण उत्तर सगळ्यांसमोर होतं.

६. नॅनोमीटर, बेंचमार्कचे गुण, पहिला क्रमांक... या आकड्यांना किती किंमत द्यावी?

नॅनोमीटरला जवळजवळ शून्य. ‘३ नॅनोमीटर चिप’ मधला ३ हा त्या चिपमधल्या कुठल्याही भागाचं माप नाही. अशा चिपमध्ये शेजारशेजारच्या गेटमधलं अंतर ४० नॅनोमीटरच्या वर असतं. एके काळी हा आकडा खऱ्या लांबीशी जुळायचा. आता ते पिढीचं नाव उरलं आहे. नवी पिढी जुन्यापेक्षा चांगली असते एवढंच त्यातून घ्यावं, आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या ‘३’ ची तुलना तर करूच नये.

बेंचमार्कचं, म्हणजे वेग किंवा हुशारी मोजणाऱ्या ठरावीक चाचणीचं, दुखणं वेगळं आहे. परीक्षा कुठली येणार हे माहीत असलं की तेवढीच तयारी करता येते. २०१३ मध्ये सॅमसंग गॅलेक्सी एस४ च्या काही फोनांत असं आढळलं की ठरावीक बेंचमार्क अ‍ॅप चालू असतानाच चिपचा वेग एरवीपेक्षा वर जायचा. एप्रिल २०२५ मध्ये फेसबुकवाल्या मेटाने लामा ४ या आपल्या एआय मॉडेलचा जो अवतार लोकांच्या पसंतीच्या क्रमवारीत उतरवला, तो संवादासाठी खास घडवलेला प्रायोगिक अवतार होता. सगळ्यांना डाउनलोड करायला दिलेलं मॉडेल वेगळं होतं. दोन्ही वेळा बाहेरच्यांनी तपासलं म्हणून हे उघड झालं.

तुमच्या कामाची पाच-सहा उदाहरणं तयार ठेवा आणि नवीन काही आलं की त्यांवर चालवून बघा. त्या निकालावर तुम्ही कुणाशीही वाद घालू शकता.

७. ‘जग बदलणारा शोध’ अशी बातमी आली. खरी की बनवाबनवी, हे आपल्यासारख्याने कसं ओळखायचं?

दोन गोष्टी शेजारी ठेवून सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं या दोन्हींत आहे.

जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी एलके-९९ नावाच्या पदार्थाबद्दल लेख प्रसिद्ध केले. नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला हा पदार्थ अतिवाहक आहे, म्हणजे वीज कसल्याही विरोधाशिवाय वाहून नेतो, असा दावा होता. खरा ठरला असता तर विजेच्या तारांपासून एमआरआय यंत्रापर्यंत बरंच काही बदललं असतं. लेखात पदार्थ बनवायची कृतीही दिलेली होती. जगभरच्या प्रयोगशाळांनी ती करून पाहिली, आणि ऑगस्ट संपायच्या आत उत्तर मिळालं: हा अतिवाहक नाही. विरोध एकाएकी घटल्यासारखा दिसत होता तो मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे. शुद्ध स्फटिक बनवल्यावर तो पदार्थ चक्क विद्युतरोधक निघाला.

दुसरी गोष्ट थेरानोसची. एलिझाबेथ होम्स यांनी २००३ मध्ये ही कंपनी काढली. बोटातून काढलेल्या रक्ताच्या काही थेंबांत कितीतरी चाचण्या करतो असं कंपनी सांगायची. तिचं मूल्य ९ अब्ज डॉलरपर्यंत गेलं आणि संचालक मंडळात अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री होते. यंत्र मात्र बाहेरच्या कुणाला तपासू दिलं जात नव्हतं. विचारलं की व्यापारी गुपित असल्याचं उत्तर यायचं. ऑक्टोबर २०१५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने कंपनीच्या दाव्यांमागचं सत्य छापलं. जानेवारी २०२२ मध्ये होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीत दोषी ठरल्या आणि त्यांना ११ वर्षांहून जास्त तुरुंगवास झाला.

एलके-९९ चे लोक चुकले, पण त्यांनी कृती उघडी ठेवली म्हणून ती चूक काही आठवड्यांत निस्तरली. थेरानोसचं खोटं १२ वर्षं चाललं, आणि त्यात आजारी माणसांना चुकीचे रिपोर्ट मिळाले. दावा मोठा आहे की छोटा, नावं किती मोठी आहेत, गुंतवणूक कुणी केली, यातलं काहीही मला पुरेसं वाटत नाही. बाहेरच्याला हात लावू देतात का, एवढं मी बघतो. चुकणाऱ्या पण उघडपणे काम करणाऱ्या माणसांबद्दल मला आदर वाटतो, आणि एलके-९९ ची टिंगल झाली तेव्हा वाईट वाटलं होतं.

८. ‘एका दिवसात कंपनीचे अमुक अब्ज डॉलर बुडाले’ असं छापतात. हे पैसे जातात कुठे?

कुठेच जात नाहीत. बाजारमूल्य म्हणजे शेअरचा भाव गुणिले एकूण शेअर. आज थोड्या लोकांनी कमी भावात शेअर विकले की सगळ्याच शेअरांना तो भाव लावून गुणाकार होतो. कंपनीच्या बँक खात्यातून एक डॉलरही गेलेला नसतो. आज ज्याने विकलं त्याला कमी मिळाले, एवढंच खरं नुकसान.

सर्वांत गाजलेला प्रसंग २७ जानेवारी २०२५ चा. त्या दिवशी एआयच्या चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाचा शेअर सुमारे १७ टक्के पडला आणि बाजारमूल्य सुमारे ५८९ अब्ज डॉलरने घटलं. एका कंपनीच्या बाबतीत एका दिवसातली तोवरची ही सर्वांत मोठी घट होती. कारण होतं चीनमधल्या डीपसीक कंपनीचं एआय मॉडेल. ते ५६ लाख डॉलरच्या आत बनलं असं सगळीकडे फिरलं आणि लोकांना वाटलं की आता महागड्या चिपा कोण घेणार.

आता तो आकडा बघा. डीपसीकच्या स्वतःच्या अहवालात व्ही३ मॉडेलसाठी चिपांचे २७.८८ लाख तास लागले आणि तासाला २ डॉलर भाडं धरलं तर ५५.७६ लाख डॉलर होतात, असा हिशेब होता. त्याच परिच्छेदात लिहिलं होतं की यात आधीचं संशोधन आणि प्रयोग यांचा खर्च धरलेला नाही. पगार आणि स्वतःच्या चिपांची खरेदी हाही वेगळाच भाग. डीपसीकने काही लपवलं नव्हतं. मथळ्यांपर्यंत जाताना अट गळाली. मॉडेल खरोखर कमी खर्चात चालणारं होतं आणि कौतुकाला पात्र होतं. पण ‘एआय बनवायला ५६ लाख डॉलर लागतात’ हे वाक्य चुकीचं होतं आणि अजूनही लोक ते म्हणतात.

९. एआय हा फुगा आहे का?

या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. तंत्रज्ञान उपयोगी आहे का, हा एक. शेअरांचे भाव रास्त आहेत का, हा दुसरा. एकाचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ असू शकतं.

इंटरनेटच्या वेळी नेमकं तसंच झालं. १० मार्च २००० रोजी अमेरिकेतल्या शेअर बाजाराचा नॅस्डॅक निर्देशांक ५,०४८ वर बंद झाला आणि ऑक्टोबर २००२ पर्यंत ७८ टक्के घसरला. पुन्हा त्या उंचीवर यायला २०१५ साल उजाडलं. अ‍ॅमेझॉनच्या शेअरने ९० टक्क्यांहून जास्त आपटी खाल्ली होती. इंटरनेट मात्र त्या काळात वाढतच राहिलं. ज्यांनी ‘इंटरनेट जग बदलेल’ म्हणून शेअर घेतले त्यांचं भाकीत बरोबर आलं आणि पैसे तरीही गेले.

माझं मत विचाराल तर: लिहिणं, भाषांतर, कोड, शोधाशोध यांत एआयचा उपयोग मला रोज दिसतो आणि तो टिकेल. डेटा सेंटरांवर जो खर्च चाललाय तो सगळा वसूल होईल असं मात्र मला वाटत नाही. इंटरनेटच्या त्या लाटेत पुरलेल्या फायबर केबल, त्या पुरणाऱ्या कंपन्या बुडाल्यावरही जमिनीत राहिल्या आणि पुढे कामी आल्या. चिपांचं तसं नाही, त्या काही वर्षांत जुन्या होतात. या फरकाकडे जेवढं लक्ष द्यायला हवं तेवढं कुणी देत नाही.

१०. एआय नोकऱ्या खाणार का? आणि आत्ताची कपात त्यामुळेच आहे का?

आधी कपातीचं बघू. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११,००० लोक कमी केले आणि मार्च २०२३ मध्ये आणखी १०,००० जाहीर केले. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२,०००, मायक्रोसॉफ्टने १०,००० आणि अ‍ॅमेझॉनने १८,००० चे आकडे सांगितले. चॅटजीपीटी आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. म्हणजे ती लाट एआयमुळे आली असं म्हणताच येत नाही. महासाथीत मागणी फुगली, कंपन्यांनी भराभर माणसं घेतली, मग व्याजदर चढले आणि मागणी उतरली. हे त्या कंपन्यांच्या प्रमुखांनीच तेव्हा लिहिलं होतं. नंतरच्या कपातींमध्ये एआयचं नाव जास्त येतं. काही ठिकाणी ते खरं असेल, पण गुंतवणूकदारांच्या कानाला ‘आम्ही जास्त भरती केली’ पेक्षा ‘आम्ही एआय वापरतो’ हे गोड लागतं, हेही विसरू नका. नेमकं कुठलं काम आता यंत्र करतंय, हे कंपनी सांगते का ते बघा.

भविष्याबद्दल: जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये म्हटलं होतं की नवे रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर) शिकवणं आताच थांबवा, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा चांगलं काम करेल. न्यूरल नेटवर्कच्या, म्हणजे आजच्या एआयच्या पायाच्या, कामासाठी २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं, तेच हे हिंटन. यंत्रं खरोखर सुधारली, पण रेडिओलॉजिस्टांची गरज संपली नाही. डॉक्टरचं काम फक्त चित्र वाचण्याचं नसतं. तंत्र कुठे जाणार हे त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा आधी कळलं होतं. ते काम कसं चालतं हे रेडिओलॉजिस्टला जास्त माहीत होतं. तुमच्या व्यवसायाबद्दल कुणी भाकीत केलं तर तुमचं ज्ञान कमी लेखू नका. सुरुवातीच्या पायरीवरच्या तरुणांच्या कामाची मला मात्र खरी काळजी वाटते, कारण यंत्र सहज करतं ती कामं नेमकी त्यांच्याकडे असतात.

११. एका कंपनीच्या चुकीने जगभरचे विमानतळ कसे काय बंद पडतात?

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. हे मायक्रोसॉफ्टचं अनुमान आहे, आणि जगातल्या विंडोज संगणकांच्या १ टक्क्याहूनही ते कमी होते. पण हे सॉफ्टवेअर विमान कंपन्या, रुग्णालयं, बँका अशा ठिकाणी असतं, म्हणून तेवढ्याने हाहाकार झाला. कंपनीने ७८ मिनिटांत अपडेट मागे घेतलं. तोवर बंद पडलेले संगणक सुरूच होत नव्हते, त्यामुळे हजारो ठिकाणी माणसाला यंत्रापाशी जाऊन दुरुस्ती करावी लागली.

अशा प्रत्येक वेळी पहिल्या दोन तासांत ‘सायबर हल्ला’ हा शब्द फिरतो. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जवळजवळ सहा तास बंद होते तेव्हाही फिरला होता. तिथे देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आदेशाने कंपनीचं स्वतःचं जाळंच इंटरनेटपासून तुटलं होतं आणि दुरुस्तीची अंतर्गत साधनंही त्याच जाळ्यावर होती. पहिल्या दिवशी कारणावर मत देऊ नका. आठवड्या-दोन आठवड्यांनी कंपनीचा सविस्तर अहवाल येतो, तो वाचून बोला.

१२. माझा डेटा फुटल्याची बातमी आली. आकडा छोटा आहे, तर काळजी करू नको?

पहिला आकडा शेवटचा समजू नका. याहूवर २०१३ मध्ये झालेली चोरी कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर केली, तेव्हा १०० कोटी खाती सांगितली होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये तो आकडा ३०० कोटी झाला, म्हणजे तेव्हाची सगळीच्या सगळी खाती. तुमचं नाव यादीत असो वा नसो, त्या सेवेचा पासवर्ड बदला, तोच पासवर्ड जिथे जिथे वापरला तिथेही बदला आणि लॉगिनला दुसरी पायरी लावा. पुढचे काही महिने ‘तुमच्या फुटलेल्या डेटाबद्दल’ म्हणून येणाऱ्या फोन आणि मेसेजपासून सांभाळा. चोरी नवीन नसली तरी ते फसवे फोन नवे असतात.

१३. ओपन सोर्स म्हणजे सुरक्षित, असं म्हणतात. खरंच का?

कोड उघडा असणं म्हणजे तपासता येणं. कुणीतरी तो तपासतंय, याची हमी त्यातून मिळत नाही.

२०२४ ची एक्सझेडची घटना मी प्रत्येकाला सांगतो. फायली दाबून लहान करणारं हे छोटं साधन लिनक्सच्या असंख्य सर्व्हरांवर असतं आणि ते सांभाळणारा मुख्य माणूस एकच होता, तोही मोकळ्या वेळात, मोबदल्याशिवाय. ‘जिया टॅन’ नावाने कुणीतरी २०२१ पासून मदत करायला लागलं. सुधारणा पाठवल्या, विश्वास मिळवला. दुसऱ्या काही खात्यांनी ‘काम फार हळू चाललंय, जबाबदारी वाटून द्या’ म्हणून त्या थकलेल्या माणसाच्या मागे लकडा लावला. शेवटी अधिकार मिळाल्यावर त्या ‘मदतनिसा’ने सर्व्हरमध्ये गुपचूप शिरता येईल असं चोरदार घातलं. मार्च २०२४ च्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधल्या इंजिनिअरला दिसलं की सर्व्हरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. ते खणत गेले आणि २९ मार्चला त्यांनी सगळं जाहीर केलं. चोरदार बहुतेक सर्व्हरांपर्यंत पोचायच्या आत पकडलं गेलं.

कोड उघडा नसता तर फ्रॉइंड यांना मुळापर्यंत जाता आलं नसतं. आणि त्या एकट्या माणसाला मोठ्या कंपन्यांनी वेळेवर हात दिला असता तर कदाचित ही वेळच आली नसती. अशा माणसांचं सॉफ्टवेअर फुकट वापरून अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्यांबद्दल मला यात राग आहे, आणि तो मी लपवत नाही.

१४. मग एआय कंपन्या ‘ओपन’ मॉडेल म्हणतात तेही ओपन सोर्सच का?

बऱ्याचदा नाही. मॉडेल डाउनलोड करून चालवता येतं, पण ते कुठल्या डेटावर शिकवलं हे सांगितलेलं नसतं, आणि परवान्यात अटी असतात. मेटाच्या लामाच्या परवान्यात महिन्याला ७० कोटींहून जास्त वापरकर्ते असलेल्या कंपनीने वेगळी परवानगी घ्यावी अशी अट आहे. सामान्य माणसाला ती कधीच आडवी येणार नाही. तरी मुक्त म्हणवण्याआधी परवाना वाचावा. साधं सॉफ्टवेअरही नंतर बंदिस्त होऊ शकतं: हॅशिकॉर्प कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या आपल्या सॉफ्टवेअरचा परवाना बदलला, तेव्हा वापरणाऱ्यांनी आधीच्या कोडवरून ओपनटोफू वेगळं काढलं.

१५. सरकारी नियमांनी नवनिर्मिती मरते का?

नियम कसा लिहिलाय त्यावर आहे. युरोपीय संघाने फोनला यूएसबी-सी सक्तीचं केलं तेव्हा अ‍ॅपलने हेच कारण देऊन विरोध केला होता. नियम २८ डिसेंबर २०२४ पासून लागू व्हायचा होता. अ‍ॅपलने सप्टेंबर २०२३ मध्येच आयफोन १५ ला तो सॉकेट दिला. कुणाचं काही अडलं नाही आणि एक केबल कमी झाली. कुकीच्या परवानगीच्या चौकटींचं उलट झालं. खाजगीपणा जपण्याचा हेतू चांगला होता, पण प्रत्येक संकेतस्थळाने वेगळं विचारायचं असं ठरल्यामुळे लोक न वाचता ‘मान्य’ दाबायला शिकले. ही निवड ब्राउझरमध्ये एकदाच करता आली असती.

१६. गूगलवर टीका करता आणि गूगलच वापरता. हा दुटप्पीपणा नाही का?

नाही. पर्याय मुद्दाम अरुंद केले असतील तर वापरणं म्हणजे पसंती नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतले न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने शोधसेवेतली मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निकाल दिला. त्या खटल्यात उघड झालं की फोन आणि ब्राउझरमध्ये आपलंच शोधयंत्र आधीपासून लावलेलं असावं यासाठी गूगलने २०२१ मध्ये २६.३ अब्ज डॉलर दिले होते. वापरणाऱ्यालाच दोष आतून दिसतात. प्रश्न १ मध्ये तेच म्हटलंय.

१७. मत बदललं की लोक ‘पलटी मारली’ म्हणतात. काय करावं?

मत मांडतानाच कारण सांगून ठेवा. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर आयफोनवर हसले होते आणि ती चित्रफीत आजही फिरते. पण त्यांनी कारणं दिली होती: किंमत फार आहे, आणि कीबोर्ड नसल्याने ईमेलवाल्यांना चालणार नाही. किंमतीचा मुद्दा तर लगेच खरा ठरला; सप्टेंबर २००७ मध्ये अ‍ॅपलने ५९९ डॉलरचा फोन ३९९ ला आणला. कीबोर्डबद्दल ते चुकले. कारणं सांगितली होती म्हणून आज आपण कुठलं टिकलं आणि कुठलं पडलं हे वेगळं करू शकतो. नुसतं ‘हे चालणार नाही’ म्हटलं असतं तर त्यातून शिकण्यासारखं काही उरलं नसतं.

१८. ज्या कंपनीत मी काम करतो किंवा जिचे शेअर माझ्याकडे आहेत, तिच्याबद्दल बोलावं का?

शेअर असतील तर बोला, पण पहिल्याच वाक्यात सांगा. तेवढ्याने ऐकणारा तुमचं म्हणणं नीट तोलू शकतो. नोकरी असेल तर दोन गोष्टी बघा. करारात बाहेर बोलण्याबद्दल काय लिहिलंय? आणि तुम्हाला जे माहीत आहे ते जाहीर झालेलं आहे का? जाहीर न झालेल्या, भावावर परिणाम करू शकणाऱ्या माहितीवरून स्वतः शेअर घेणं-विकणं किंवा ती दुसऱ्याला सांगणं हा बहुतेक देशांत गुन्हा आहे, मग तुम्ही ते गप्पांच्या ओघात सांगितलेलं का असेना. प्रतिस्पर्धी कंपनीबद्दल बोलतानाही आपण कुठे काम करतो ते सांगावं, कारण तिथेही तुमचा स्वार्थ आहेच. कंपनीत काही बेकायदा चाललेलं दिसलं तर ते मत म्हणून मांडू नका. आधी वकिलाला भेटा आणि तक्रार करणाऱ्याला कायद्याने कुठलं संरक्षण आहे ते विचारा. कागदपत्रं कुठली आणि कशी जपायची हेही त्याच्याकडूनच समजून घ्या.